मागच्या ओरडीला नवं अंगडं: फळ्या, पतरे आणि पावसाचा रोख

कारेलीबागेत आमच्या घरामागे आठ बाय दहा फुटांची एक ओरडी आहे. ओरडी म्हणजे खोली. शब्द गुजरातीचा, पण बडोद्यातल्या मराठी घरांत तो कधीच घरचा झाला. १९८७ साली दांडिया बाजारात एक जुनं घर पाडत होते, तिथून मामंजींनी सागाच्या फळ्या आणल्या. सहा इंच रुंद, पाऊण इंच जाड. लाकडी सांगाडा उभा करून त्यावर त्या बाहेरून आडव्या मारल्या, वरची फळी खालचीवर थोडी चढवून. आत कुदळ-फावडी, खताची पोती, कुंड्या आणि कुणालाच टाकवत नाही अशी एक सायकल.

२०२४च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीला पूर आला. धोक्याची पातळी २६ फूट, पाणी ३५ फुटांच्या वर गेलं. आमच्या मागच्या अंगणात अडीच फूट पाणी होतं. ओसरल्यावर मी ओरडीचं दार आधी लांबून काठीनं ढकललं, कारण या नदीच्या पुराबरोबर मगरी कुणाच्या अंगणात निघतील याचा नेम नसतो. मगर नव्हती. भिंती जागच्या जागी उभ्या होत्या. मी दार पुसलं, फरशी धुतली आणि खूश झाले.

चूक तिथेच झाली. फळ्यांच्या मागे, सांगाड्याच्या पोकळीत वीतभर गाळ बसला होता आणि तो मी पाहिलाच नाही. बाहेरून फळ्या वाळल्या, आतून दिवाळीपर्यंत ओल्याच राहिल्या. पुढच्या मार्चमध्ये आमच्या सुथारकाकांनी पश्चिमेच्या सर्वांत खालच्या फळीला पेचकस (स्क्रू ड्रायव्हर) टेकवला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. काका शांतपणे म्हणाले, "बेन, आ तो अंदरथी खलास छे."

मी ब्लाउज शिवते, तीस वर्षं झाली. लाकूडकाम माझं नाही. पण त्या उन्हाळ्यात काकांच्या शेजारी पाटावर बसून जे पाहिलं, जे हातानं केलं आणि जे चुकलं, ते लिहिते आहे. तुमच्या अंगणातही अशी ओरडी असेल तर उपयोगी पडेल.

दुकानात जाण्याआधी भिंती तपासा. दिवस निवडायचा तो पाऊस संपून महिनाभर झाल्यानंतरचा. पेचकस घ्या आणि चारही बाजूंनी फिरत तीन जागी टोचा: सर्वांत खालची फळी, खिडकीच्या खालचे दोन कोपरे, आणि फळ्यांची कापलेली टोकं. लाकूड पाणी पितं ते मुख्यतः टोकानं. सपाट बाजूनं फार कमी. चांगलं लाकूड टोचलं की करकरतं आणि लांब तंतूत फुटतं. कुजलेलं लाकूड आवाज न करता चौकोनी तुकडे होऊन सुटतं. मग पेचकसाच्या मुठीनं ठोका. पोकळ आवाज आला आणि फळीवर मातीच्या बारीक नळ्या चढलेल्या दिसल्या तर वाळवी आहे. काका तिला ऊधई म्हणतात. बोटभर जाडीची स्वच्छ गोल भोकं असतील तर ते काळ्या भुंग्यांचं काम. ते दिसायला भयंकर असलं, तरी भुंगा लाकूड खात नाही, घर करतो. भोक बुजवलं की झालं.

ओल कितपत आहे हे कळायला साधा उपाय आहे. प्लॅस्टिकचा वीतभर चौकोन फळीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावा आणि एक दिवस-रात्र ठेवा. सकाळी आतून थेंब दिसले तर त्या भिंतीला अजून रंग, तेल, पुट्टी काहीही लावायचं नाही. लाकडात साधारण वीस टक्क्यांच्या वर ओल राहिली की कुजवणारी बुरशी जगते. वरून रंग मारला की ती ओल आत कोंडली जाते.

आता माझा मुख्य मुद्दा, जो मला दुकानात कुणीच सांगितला नाही. चारही भिंतींना एकच माल लावायची काही गरज नाही. आपल्याकडे पावसाळी वारा नैऋत्येकडून येतो. त्यामुळे दक्षिण आणि पश्चिमेच्या भिंती पावसाचे फटके खातात, आणि मे महिन्यात दुपारचं ऊनही पश्चिमेचीच भिंत खाते. आमच्या ओरडीची उत्तरेची भिंत सदतीस वर्षांनंतरही अशी होती की काकांनी तिच्यावर हात फिरवला आणि नुसते हसले. पूर्वेची ठीक. पश्चिमेच्या खालच्या चार फळ्या गेल्या होत्या, दक्षिणेच्या दोन. ब्लाउजची पाठ आणि बाही एकाच अस्तराची नसते, मग भिंतींनी काय घोडं मारलंय? मग ठरलं ते असं: पश्चिमेला पतरा, उत्तरेचा आणि पूर्वेचा साग तसाच डागडुजी करून, दक्षिणेच्या भिंतीतून निघालेल्या चांगल्या फळ्या इतरत्र ठिगळाला, आणि दक्षिणेला सिमेंट बोर्ड, म्हणजे सिमेंट आणि तंतू दाबून केलेले तक्ते.

पतरा घेताना दोन गोष्टी विचारा. पहिली, पोलादावरच्या जस्ताच्या लेपाचं वजन. ते चौरस मीटरला ग्रॅममध्ये, दोन्ही बाजूंचं मिळून सांगतात: १२०, १८०, २७५. आकडा जितका मोठा तितका गंज उशिरा. गॅल्व्हल्यूम म्हणून जो पतरा मिळतो त्याच्या लेपात ५५ टक्के ॲल्युमिनियम असतं आणि बाकी बहुतेक जस्त. तिथे १५० ग्रॅमचा लेप मागा. तो लेप ओल्या सिमेंट-मालाला मात्र टेकू देऊ नका, सिमेंटचा खार ॲल्युमिनियम खातो. दुसरी गोष्ट जाडी. दुकानदार अर्धा मिलिमीटर म्हणतो तेव्हा तो रंग आणि लेप धरून मोजतोय की उघडं पोलाद मोजतोय, हे स्पष्ट विचारायचं. दोन्ही आकडे खरेच असतात, पतरे मात्र वेगळे निघतात.

साधा गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे नुसता जस्ताचा लेप दिलेला पतरा घेऊन घरी रंगवण्याचा बेत असेल तर माझी फजिती ऐका. काही वर्षांपूर्वी पाण्याच्या टाकीवर असाच पतरा होता. रंगाऱ्यानं तो पुसला आणि सरळ तेलरंग मारला. एक पावसाळा गेला आणि रंग पपईच्या सालीसारखा लांब लांब पट्ट्यांनी उतरला. रंगातलं तेल आणि खालचं जस्त यांचा तिथे हळूहळू साबण बनतो, आणि साबणावर रंग कसा टिकणार? नव्या पतऱ्याला आधी साबणाच्या पाण्यानं धुऊन त्यावरचं तेलकटपण घालवायचं, मग वॉश प्रायमर किंवा झिंक फॉस्फेटचा एपॉक्सी प्रायमर, मग रंग. एवढी यातायात नको असेल तर रंगीतच पतरा घ्या. मी फिका घेतला. गडद निळा सुंदर दिसत होता, पण मे महिन्यात त्याला हात लावून बघायची हौस नव्हती.

बसवण्याची दिशा महत्त्वाची. वाऱ्याच्या उलट्या टोकापासून सुरुवात करायची. पश्चिमेच्या भिंतीवर पहिला पतरा उत्तरेच्या टोकाला, मग दक्षिणेकडे सरकत प्रत्येक पुढचा आधीच्यावर चढवायचा. म्हणजे चढलेली कड उत्तरेकडे तोंड करून बसते आणि नैऋत्येचा पाऊस सांध्यात शिरत नाही. आम्ही शिवणीचा दाब कुठल्या बाजूला पाडायचा हे ठरवतो, तसंच. स्क्रू रबरी वॉशरवाले, स्वतः भोक पाडणारे घ्या. छपरावर ते पतऱ्याच्या उंचवट्यावर मारतात, कारण खळग्यातून पाणी वाहतं. भिंतीवर मात्र खळग्यात मारलेले चालतात आणि पक्की पकड देतात. वॉशर किंचित फुगेल इतकंच आवळायचं. बाहेर पिचून आला की तो दोन उन्हाळ्यांत तडकतो. पतरा कापताना ग्राइंडर घेऊ नका, पतऱ्याची कातर घ्या. ग्राइंडरच्या उष्णतेनं कडेचं जस्त जळतं आणि ठिणग्यांचे लोखंडी कण पतऱ्याभर रुततात. महिन्याभरात सगळीकडे तपकिरी ठिपके.

पतऱ्याचा एक तोटा काकांनी आधीच सांगितला होता: वानर. पहाटे सहाला टोळी भिंतीवरून छपरावर उतरते तेव्हा शेजारच्या बेन अजून खिडकी उघडून विचारतात, काय पडलं?

सिमेंट बोर्डाबद्दल थोडक्यात. चार बाय आठ फुटांचे येतात, भिंतीला बाहेरून आठ किंवा दहा मिलिमीटरचे बरे. वाळवी लागत नाही, कुजत नाहीत, पेटत नाहीत. पण आधी भोक न पाडता स्क्रू मारला की कोपरा तुटतो, आणि तो कडेच्या फार जवळ मारला तरी तुटतो. दोन बोर्डांमध्ये तीन मिलिमीटर फट सोडून ती रंग बसेल अशा पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटनं भरा. सिलिकॉनवर रंग धरत नाही. कापलेल्या कडांना प्रायमर पाजा. कापताना जी पांढरी धूळ उडते ती फुप्फुसांना वाईट, म्हणून मोकळ्यावर, पाणी मारत, चांगला मास्क लावून कापा. आणि तुमच्या ओरडीला जुने सिमेंटचे पन्हाळी पतरे असतील, तर त्यांत ॲस्बेस्टॉस असतं असंच धरून चाला. घासायचं नाही, भोक पाडायचं नाही, तोडायचं नाही. काढावे लागलेच तर ओले करून, अख्खेच्या अख्खे काढायचे.

पीव्हीसीच्या फळ्या मी नाकारल्या. उन्हानं पीव्हीसी पोलादाच्या चार-पाच पट पसरतं. आमच्या पश्चिमेला त्या फळ्यांचं धनुष्य झालं असतं. उत्तरेला सावलीत लावणाऱ्यांशी माझं भांडण नाही. प्लायवुड लावायचंच असेल तर शिक्का वाचा. बाहेरच्या भिंतीला आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय लागतं. साधं कमर्शियल प्लाय कितीही रंगवा, वहीच्या पानांसारखं सुटतं.

आता लाकडाची डागडुजी. माझ्या मते खरी कला इथेच आहे.

पूर्वेच्या भिंतीत मधलीच एक फळी दीड फूट खराब होती. वरच्या-खालच्या फळ्या उत्तम. सगळी भिंत उकलायची का? काकांनी काय केलं ते सांगते. त्यांनी वरच्या फळीखाली दोन पातळ पाचरी ठोकून ती बोटभर उचलली. त्या फटीतून हॅक्सॉचं नुसतं पातं आत सरकवलं. एका टोकाला जुनी चिंधी गुंडाळलेली, तीच मूठ. खराब फळीला धरून ठेवणारे खिळे त्यांना दिसत नव्हते. पातं हळू फिरवत त्यांनी ते चाचपून शोधले आणि आतल्या आत कापले. मग खराब भागाच्या दोन्ही बाजूंना गुण्या लावून रेषा मारली. जवळच्या सांगाड्याच्या खांबाच्या मधोमध, कारण नव्या तुकड्याच्या टोकांना मागे खिळा मारायला आधार हवा. कापताना करवत किंचित तिरकी धरली, अशी की वरून येणारं पाणी सांध्यातून बाहेर पडेल. तुकडा निघाला तेव्हा त्याची मागची बाजू काळी, भुसभुशीत, आणि तिला अजून पुराच्या गाळाचा पापुद्रा चिकटलेला. मी तो नखानं काढला. आत एक शंख होता, तांदळाएवढा.

नवा तुकडा दक्षिणेच्या जुन्या फळीतला. जुना साग जुन्यालाच शोभतो आणि त्याची जी काय आक्रसायची ती हौस चाळीस वर्षांपूर्वीच फिटलेली असते. तो लांबीला कागदभर कमी कापायचा, चारही कडांना आणि विशेषतः दोन्ही टोकांना बसवण्याआधीच तेल किंवा प्रायमर पाजायचा. बसवल्यावर टोकं हाताला लागत नाहीत. मग खालून वर सरकवून, लाकडाचा ठोकळा मध्ये धरून हातोडीनं हळू ठोकत जागी नेला.

खिळ्यांचा नियम असा: प्रत्येक फळीला एका खांबावर एकच खिळा, आणि तो खालच्या फळीच्या वरच्या कडेच्या जरा वर. दोन्ही फळ्यांतून एकच खिळा आरपार गेला की पावसाळ्यात फुगायला आणि उन्हाळ्यात आक्रसायला त्यांना जागा राहत नाही, आणि फळी मधोमध चिरते. चढवणी इंचभर तरी हवी. खिळे साधे लोखंडी नकोत. ओल्या सागाशी लोखंडाची गाठ पडली की खिळ्याखाली काळे ओघळ येतात, काजळ वाहिल्यासारखे. स्टेनलेसचे घ्या, महाग पडतात पण एका ओरडीला लागतात तरी किती.

फळ्या एकमेकींवर न चढवता शेजारी-शेजारी लावणार असाल, तर फटी किती सोडायच्या हे महिन्यावर अवलंबून. मे महिन्यात लाकूड सर्वांत बारीक असतं, म्हणून फटी सोडा. श्रावणात काम करायची वेळ आलीच तर घट्ट बसवा, दिवाळीनंतर आपोआप फट पडेल. उलट केलं तर एक तर फळ्या फुगून एकमेकींना ढकलतात, नाहीतर थंडीत भिंतीतून अंगण दिसतं.

लहान भोकांना दोन भाग मळून लावायची एपॉक्सी पुट्टी वापरा. मी एकदा लाकडाचा भुसा आणि पांढरा गोंद कालवून हौसेनं भोकं भरली होती. वाळल्यावर इतकं छान दिसलं की शेजाऱ्यांना दाखवलं. पहिल्या पावसात सगळं शेवयांच्या खिरीसारखं खाली आलं. साधा पांढरा गोंद बाहेरच्या कामाचा नाही.

वाळवी सापडली तर नुसती फळी बदलून भागत नाही, ती मातीतून येते. इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के हे औषध लिटर पाण्यात २.१ मिलिलिटर या मापानं ओरडीच्या पायाभोवती चर काढून ओततात. हातमोजे घाला, विहीर किंवा भाजीचा वाफा जवळ असेल तर ओतूच नका, आणि मधमाश्या येतात त्या फुलझाडांपासून दूर ठेवा. आमच्याकडे एका बाजूला दुधी आणि वाल आहेत, त्या बाजूला मी औषध घातलं नाही. तिथे फक्त जमीन आणि फळी यांच्यात अंतर ठेवलं आणि दर महिन्याला नळ्या चढल्या का ते वाकून बघते.

ते अंतर म्हणजे अर्धं काम. सर्वांत खालची कड जमिनीपासून सहा ते आठ इंच वर हवी. वळचणीच्या पागोळ्या मातीवर पडतात आणि चिखल उसळतो तो साधारण तेवढाच. पागोळ्या पडतात त्या रेषेत खडी पसरली की उसळणं आणखी कमी होतं. फळ्या किंवा पतरा सांगाड्याला सरळ न चिकटवता मध्ये इंचभर जाड उभ्या पट्ट्या मारा, म्हणजे मागून वारा खेळतो आणि चुकून आत गेलेलं पाणी खाली उतरून बाहेर पडतं. पट्ट्या आडव्या मारल्या तर पाणी त्यांच्यावरच बसून राहील. आडव्या नळ्यांच्या पतऱ्याला उभ्या पट्ट्या सरळ चालतात. आमचा पतरा उभ्या नळ्यांचा, त्याला धरायला आडव्या पट्ट्या लागतातच, म्हणून काकांनी आधी उभ्या, त्यावर आडव्या मारल्या. पोकळीच्या खालच्या तोंडाला बारीक जाळी लावा, नाहीतर उंदीर भाडेकरू होतात.

पुराच्या भागात राहणाऱ्यांसाठी एक जास्तीचं. आम्ही आता चारही बाजूंनी खालचे अडीच फूट स्क्रूनं काढता येतील असे केले आहेत. पाणी उतरलं की त्याच दिवशी, गाळ ओला असतानाच, ते काढून पाइपनं पोकळी धुवायची. वाळलेला गाळ पटाशीनं खरवडावा लागतो. मग दोन-तीन आठवडे भिंत तशीच उघडी. लोक विचारतात, विचारू दे.

लाकडाला शेवटचा हात डबल बॉइल्ड जवसाच्या तेलाचा दिला, पहिल्या हातात थोडं टर्पेंटाइन मिसळून, म्हणजे ते आत शिरतं. पातळ हात द्या, वीस मिनिटांनी वरचं जास्तीचं तेल पुसून काढा, नाहीतर चिकट राहतं आणि सगळ्या रस्त्याची धूळ धरतं. पुसलेल्या चिंध्या मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत. हे तेल वाळताना गरम होतं आणि गोळा झालेल्या चिंध्या आपणहून पेट घेऊ शकतात. दोरीवर एकेक वेगळी वाळत घाला किंवा पाण्याच्या बादलीत बुडवा. माझ्याकडे कतरणींचा डोंगर असतो, त्यामुळे ही गोष्ट मी ब्लाउजच्या मापांच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवली. दक्षिणेला किंवा पश्चिमेला लाकूड असेल तर हे तेल दरवर्षी द्यावं लागेल. आमच्या उत्तरेला दोन वर्षांतून एकदा पुरतं.

सगळं झाल्यावर पहिल्या मोठ्या पावसाची वाट बघायची. तो आला की छत्री घेऊन ओरडीत जायचं, दार लावायचं, दिवा बंद करायचा. आधी डोळे सरावले की उजेडाच्या रेघा दिसतात, त्या बघायच्या. मग टॉर्च लावून खिडकीचे कोपरे आणि प्रत्येक सांधा हातानं चाचपायचा. जिथे ओलं लागेल तिथे खडूनं फुली. आम्ही शिवणकामाला वापरतो तो चपटा खडू ओल्या लाकडावरही उठतो. आमच्या तीन फुल्या निघाल्या, तिन्ही दक्षिणेला, बोर्डाच्या एकाच सांध्यात. सीलंटची अर्धी नळी अजून कपाटात आहे. पावसानं दोन दिवस उघडीप दिली की ती घेऊन जाईन.